'आणा इकडे, मी करून देतो'

खाडीकाठ (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात माळ्यावरची ट्रंक उतरवली तेव्हा तिच्या तळाशी १९८९ सालची, माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका सापडली. पुतण्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि निमंत्रकांच्या नावाखाली छापलेल्या दूरध्वनी क्रमांकापुढे 'पी. पी.' असे का लिहिले आहे, ते विचारले. तो क्रमांक आमचा नव्हताच. वाडीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानाचा होता. पलीकडून फोन आला की दुकानदार 'दहा मिनिटांनी पुन्हा लावा' असे सांगून पोऱ्याला आमच्याकडे पिटाळी, मग आमच्यापैकी जो हाताशी असेल तो पावसापाण्याचा धावत जाई आणि गूळ-खोबरे घ्यायला आलेल्या चार गिऱ्हाइकांसमोर उभा राहून बोले. हे सांगितल्यावर पुतण्याने विचारले, "दुसऱ्याचा नंबर त्याला न विचारता पत्रिकेवर छापलात?" मी म्हटले, "त्यात विचारायचे काय?" मग आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो, कारण त्याला माझे उत्तर विचित्र वाटले होते आणि मला त्याचा प्रश्न.

धागा काढण्याचे कारण मात्र त्याच दिवशी संध्याकाळी घडले. विजेचे बिल फोनवरून भरायचे होते. मी चष्मा लावून, फोन हातात धरून, कुठे दाबायचे ते शोधत होतो. पुतण्या मागून आला, "काका, आणा इकडे, मी करून देतो," म्हणाला आणि मिनिटभरात बिल भरून फोन माझ्या हातात ठेवून निघूनही गेला. त्याचे वागणे प्रेमाचेच होते. पण हे तिसरे वर्ष चालू आहे, आणि ते बिल कसे भरायचे हे मला आजही येत नाही.

रात्री आजोबांची आठवण झाली. आमच्या खाडीच्या मुखाशी वाळू साचलेली असते, त्यामुळे होडी आत आणायची असेल तर भरतीची वेळ ठाऊक असावीच लागते. आजोबांनी मला ती काढायला शिकवले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. नियम एवढाच, पण मला पावकी, म्हणजे पावाचा पाढाच येत नव्हता तिथे पाऊणकी कुठून येणार? आजोबा रोज संध्याकाळी पडवीत बसून विचारीत, "आज काय? वाजले किती? पाणी कुठे?" मी चुकलो की ते उत्तर सांगत नसत, मला जेटीवर घेऊन जात आणि पाणी दाखवीत. हे एक अख्खा पावसाळा चालले. आजोबांना ती वेळ स्वतः काढून द्यायला किती अवधी लागला असता? श्वास घेण्याइतका.

पूर्वी रोजच्या व्यवहारातली साधने वडीलधारी मंडळी धाकट्यांना शिकवीत. आता ती दिशा उलटली आहे, आणि ती उलटण्याबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकते ते असे, की दिशा उलटताना शिकवण्याचे कामच मधल्या मध्ये गळाले असावे आणि 'करून देणे' तेवढे उरले असावे. किनाऱ्याकडच्या इतरांच्या घरी काय अनुभव आहे, ते वाचायला आवडेल. कोणत्या सवयी गेल्या, त्या कोणी कोणाला दिल्या होत्या, आणि नव्या सवयी कोणी कोणाला दिल्या, अशा अंगाने लिहावे, ही विनंती.

दर्या हर्णै

सर, आपल्या पाऊणपटीत थोडी दुरुस्ती सुचवतो, रागावू नये.

अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथींत भरती घड्याळाचा एक पूर्ण फेरा, म्हणजे बारा तास, पुढे सरकते. बारा तासांचे पंधरा भाग केले तर तिथीमागे ४८ मिनिटे येतात, ४५ नव्हे. म्हणून पाऊणपटीने हिशेब केला की अष्टमीपर्यंत जवळजवळ २४ मिनिटांची तूट पडते. तरीही जुन्या माणसांचे चुकत नसे, कारण ते आकड्यावर थांबत नसत. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत भरती रोज पाऊण तासाहून कमी सरकते आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत तासाहूनही अधिक सरकते, हे त्यांना पाण्याकडे बघून माहीत होते. शिवाय अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती हा मुंबईकडचा हिशेब झाला. आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, त्यामुळे रत्नागिरी-मालवणकडे तीच भरती थोडी आधी लागते. प्रत्येक बंदराचा म्हातारा स्वतःच्या बंदरापुरते 'इतके आधी धर' असे सांगून ठेवी. नियम सगळ्या किनाऱ्याचा असला तरी ही वजाबाकी ज्याच्या त्याच्या घरची असे.

आता आमच्या धंद्यातले सांगतो. माझे आजोबा शिडाच्या होडीवर होते. मासा कुठे लागतो ती जागा लक्षात ठेवण्यासाठी ते सुवर्णदुर्गाचा एक बुरूज आणि मागच्या डोंगरातली घळ एका रेषेत धरीत, दुसऱ्या बाजूने आणखी दोन खुणा जुळवीत, आणि मग दोरीला शिसे बांधून किती वाव (पसरलेल्या दोन हातांचे अंतर म्हणजे एक वाव) पाणी आहे ते मोजीत. शिशाच्या बुडाला साबण चोपडलेला असे, त्याला तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई आणि तो बोटांत चोळून जागा तीच आहे की नाही ते ठरे. माझ्या वडिलांना हे येत होते. मला निम्मे येते. मुलाला यातले काही येत नाही, कारण त्याच्या ट्रॉलरवर जीपीएस आहे आणि तळ दाखवणारा पडदा आहे. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती केंद्राकडून संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचनाही त्याच्या फोनवर येते. उपग्रहाने मोजलेले पाण्याचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य यांवरून ती सूचना काढतात. आभाळ ढगांनी भरले की उपग्रहाला पाणी दिसत नाही, हेही मुलानेच मला सांगितले.

मात्र एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. जीपीएस आल्यापासून आमच्या घरात धुक्यात वाट चुकल्याची रात्र आलेली नाही. माझ्या आईने अशा रात्री काढल्या आहेत, वाळूत कंदील घेऊन. म्हणून जुन्या खुणा गेल्याचे मला वाईट वाटते आणि वाटतही नाही.

शिकवण्याबद्दल म्हणाल तर मुलगा मला शिकवतो, पण समुद्रावर शिकवतो, घरी नाही. घरी फोन मागितला तर हिसकावून घेतो. बोटीवर मात्र 'बाबा, पडद्यावर जागेचे टिंब तुम्हीच टाका, मी सुकाणू धरतो' म्हणतो, कारण तिथे त्याचे दोन्ही हात अडकलेले असतात.

खाडीकाठ

दुरुस्ती शिरसावंद्य. '४८ मिनिटे' हे आजोबांना सांगायला हवे होते, असे क्षणभर वाटले. मग आठवले, की 'आपल्या खाडीला अर्धा तास आधी' असे ते पुढे जोडीत असत, आणि ती त्यांची लहर आहे असे मी आजवर समजत होतो.

नव्याण्णवची

काका, धागा आवडला, पण माझे म्हणणे काहीसे उलट आहे. मी मालवणची, सध्या नोकरीसाठी पुण्यात असते.

'आणा इकडे, मी करून देतो' हे वाक्य आमच्या पिढीने शोधलेले नाही. ते आम्ही ऐकत मोठे झालो आहोत. मी सात वर्षांची असताना आदोळीवर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, नारळ खवणायला बसले की आजी "उठ, हात कापशील, तुला जमायचे नाही" म्हणून मला उठवी. वल्हे हातात घेतले की काका म्हणत, "दे इकडे, अशाने उद्या पोचू." भावाला मात्र वल्हे मिळे आणि मला आदोळीसुद्धा मिळत नसे, हा भाग वेगळाच. आपल्या आजोबांनी अख्खा पावसाळा खर्च करून शिकवले, हे आपले भाग्य होते. सगळ्यांच्या पडवीत तसे आजोबा नव्हते, आणि जिथे होते तिथे ते नातवाला शिकवीत. नातीला भरतीची वेळ कोणी शिकवली, असा कोणाचा अनुभव असल्यास वाचायला आवडेल.

दुसरे म्हणजे पी. पी. नंबर. आपल्याला त्यातली माणसांची ये-जा आठवते. माझ्या आईला काय आठवते ते सांगते. लग्नानंतर पहिली काही वर्षे तिला माहेरी बोलायचे तर असेच एक दुकान होते, आणि दुकानदार कितीही भला असला तरी त्याच्या आणि गिऱ्हाइकांच्या समोर सासरविषयी एक शब्द बोलणे शक्य नव्हते. म्हणून तिने आणि आजीने एक रीत ठरवली होती. आई 'सगळे ठीक आहे' म्हणाली म्हणजे खरेच ठीक, आणि 'सगळे अगदी छान आहे' म्हणाली म्हणजे काहीतरी बिघडले आहे, पत्राची वाट पाहावी. मला हे ती चाळीस वर्षांची झाल्यावर कळले. घरात स्वतःचा मोबाइल आला तेव्हा ती मागच्या पडवीत विहिरीजवळ जाऊन आजीशी तासभर बोलली होती. त्या तासाची किंमत मला कुठल्याही आठवणीपेक्षा मोठी वाटते.

माजघर

नव्याण्णवची, नातीला भरती शिकवलेली उदाहरणे आहेत, पण ती आजोबांकडची नाहीत. आमच्या गुहागरकडे कालवे आणि तिसऱ्या ही शिंपल्यांतली मासळी काढायला बायकाच जातात, आणि त्या सुकती बघूनच निघतात. माझ्या शेजारच्या काकूंना लिहितावाचता येत नव्हते, पंचांग तर दूरच. आदल्या रात्री चंद्र कुठल्या माडावर होता, यावरून त्या दुसऱ्या दिवशी किती वाजता टोपली उचलायची ते सांगत. त्यांच्या दोन्ही मुलींना ते येते. त्या मुलींनी मात्र ते पुढे आपल्या मुलींना दिले नाही, कारण या नाती पुण्या-मुंबईला आहेत आणि तिथे चंद्राच्या आड इमारती असतात.

बागेचे लिहिते. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आमच्या पोफळीच्या बागेत रहाट होता. बैल फिरे, गाडगी भरून येत, पाणी पन्हळीत पडे आणि पाटाने आळ्यांत जाई. नंतर वीज आली आणि पंप बसला. चार वर्षांपूर्वी मुलाने पंपाला मोबाइलचे यंत्र बसवले, त्यामुळे आता तो ठाण्यातून फोन लावतो आणि आमच्या विहिरीवरचा पंप इथे सुरू होतो. पहिल्या दिवशी मी देवघरात होते. आपोआप पंपाचा आवाज आल्यावर कोणी चोर शिरला असे वाटून मी काठी घेऊन बाहेर आले.

सोय मोठी आहे, वाद नाही. शिपण्यासाठी गडी मिळत नाहीत, माझे गुडघे चालत नाहीत, आणि मुलगा तिथून बाग सांभाळतो याचे मला कौतुक आहे. पण रहाट असताना विहिरीत रोज कोणीतरी डोकावत असे. पाणी कुठल्या पायरीला आहे, ते घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे, कारण पायऱ्या मोजणे हा खेळ होता. गेल्या वर्षी मे महिन्यात पाणी तळाला गेले ते कोणी पाहिलेच नाही. मुलगा ठाण्यात, मी घरात, पंप कोरडा चालत राहिला आणि जळाला. आता यंत्राबरोबर पाण्याची पातळी सांगणारी आणखी एक वस्तू मिळते म्हणे. मी मुलाला म्हटले, ती वस्तू राहू दे, मला रोज सकाळी फोन कर आणि पायरी विचार. तो करतो. त्या निमित्ताने बोलणे होते, हे मी त्याला सांगितलेले नाही, आणि तो हे संकेतस्थळ वाचत नाही.

चाकरमानी मंडणगड

पायरी विचारण्याची युक्ती फार आवडली.

टपालहंशील

मी सिंधुदुर्गातल्या टपाल कचेऱ्यांत चौतीस वर्षे काढली, तेव्हा माझी भर मनीऑर्डरीची.

मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत असलेल्या चाकरमान्याचे पैसे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गावी येत. हंशील, म्हणजे टपालखात्याचे शुल्क, वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे शेकडा पाच. फॉर्मच्या तळाशी संदेशासाठी दोन बोटे जागा असे, आणि पैसे दिल्यावर तो तुकडा फाडून घेणाऱ्याच्या हाती द्यायचा असे. त्या दोन बोटांत माणसे काय काय बसवीत! 'आंब्याला फवारा मारून घे. बाबांस खोकल्याचे औषध. मी शिमग्याला येत नाही, रजा नाही. रागावू नये.' हे वाचून दाखवण्याचे काम पोस्टमनचे असे, कारण घरात बहुधा वाचणारे कोणी नसे. मी नवा असताना आमच्या ज्येष्ठ पोस्टमननी मला एकच शिकवले होते, की आधी पैसे मोजून द्यावेत आणि मग संदेश वाचावा. बातमी वाईट असली तर पैसे मोजायचे राहून जाते आणि पुढे हिशेबाची कटकट होते. वरवर कोरडे वाटणारे हे शिक्षण किती माणुसकीचे होते, ते मला बऱ्याच वर्षांनी उमगले.

पुढे इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डर आली तेव्हा संदेश ठरावीक यादीतून निवडावा लागू लागला. लग्नाच्या शुभेच्छांच्या तारांना असे क्रमांकाचे मजकूर पूर्वीपासून होतेच. पण 'रागावू नये' हे कुठल्याच यादीत नव्हते. तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये. तोवर माझ्या बीटमधल्या बहुतेक घरांत मुलांनी खाती उघडून दिली होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि दोन-तीन वर्षांत मासळीवाल्या मावशींच्या पाटीतही चौकोनी छापाचा पुठ्ठा दिसू लागला. पैसे आता क्षणात येतात आणि हंशील लागत नाही. ज्यांच्याकडून मी शेकडा पाच घेतले, त्यांच्यासाठी हे फार चांगले झाले.

खाडीकाठ यांच्या मूळ प्रश्नावर माझे मत असे. अक्षर न येणाऱ्या माणसाला आम्ही वाचून दाखवीत होतो, त्याला वाचायला शिकवीत नव्हतो. म्हणजे 'आणा इकडे, मी करून देतो' हेच आम्ही पगार घेऊन करीत होतो. एका आजींनी मात्र मला थांबवले होते. त्या म्हणाल्या, "तू वाचू नको, बोट ठेव आणि हळू वाच." मग त्या माझ्या बोटामागे डोळे फिरवीत. सुमारे सहा महिन्यांनी मुलाचे नाव त्यांना कागदावर ओळखता येऊ लागले. त्या वेळी मला त्यांचा कंटाळा येई, कारण पुढची बावीस घरे राहिलेली असत.

चाकरमानी मंडणगड

मी नुसता वाचणार होतो, पण टपालहंशील यांचे शेवटचे वाक्य वाचून लिहावेसे वाटले.

माझे वडील गावी एकटे असतात, वय एकोणऐंशी. ते दर महिन्याच्या पाच तारखेला एसटीने तालुक्याला जाऊन बँकेत पासबुक भरून आणतात. खात्यात काही घडले की माझ्या आणि त्यांच्या, दोघांच्याही फोनवर संदेश येतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितले. त्यांचे उत्तर ठरलेले असते, "संदेश पुसला जातो, शाई पुसली जात नाही." यंत्र बंद असेल तर ते पुन्हा दुसऱ्या दिवशी जातात. मला हा हट्ट वाटत असे, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी सगळा व्यवहार स्वतःकडे घेतला. वीज, गॅस, औषधे, सगळे मुंबईतून. त्यांनी फोन फक्त उचलायचा.

आणि त्यांनी तो उचलला. कोणीतरी बँकेतून बोलतो असे सांगून, कार्ड बंद होणार असल्याची भीती घालून, आलेले सहा आकडे विचारले आणि त्यांनी ते सांगितले. अठरा हजार रुपये गेले. ते आकडे म्हणजे किल्ली आहे, हे मी त्यांना कधी सांगितलेच नव्हते, कारण जिथे जिथे ते आकडे लागत तिथे मीच फोन करून विचारीत होतो. 'बाबा, संदेश आला असेल, आकडे सांगा.' म्हणजे फोनवरच्या माणसाने मागितले की आकडे सांगायचे, ही सवय त्यांना मीच लावली होती. चोराने फक्त माझा आवाज काढला.

गंमत म्हणजे, गंमत म्हणवत नाही तरी, रक्कम गेल्याचे लक्षात आले ते पासबुकामुळे. माझ्याकडे आलेला संदेश मी कामाच्या गडबडीत पाहिला नव्हता. त्यांनी पाच तारखेला पासबुक भरले, बसमध्येच चष्मा लावून वाचले आणि उतरल्या उतरल्या मला फोन केला. १९३० या क्रमांकावर तक्रार केली, पण मध्ये दिवस गेल्यामुळे पैसे हाती लागले नाहीत. ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी एकटी असतात, त्यांनी हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. लवकर कळवले तर रक्कम अडवून ठेवता येण्याची शक्यता असते.

त्यानंतर मी आठवडाभर रजा घेऊन गावी गेलो.

दर्या हर्णै

आठवडाभरात काय केलेत, तेही लिहा. अर्धवट सोडू नका.

चाकरमानी मंडणगड

लिहितो. पहिले दोन दिवस भांडणात गेले. मी सांगे, ते विसरत, मी फोन ओढून घेई. तिसऱ्या दिवशी रात्री वीज गेली आणि बोलता बोलता विषय निसर्ग वादळावर आला.

३ जून २०२० ला ते आले तेव्हा मी मुंबईत अडकलो होतो आणि वडील इथे. आमच्या भागात खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले, आणि चार दिवस वडील जिवंत आहेत की नाहीत ते मला कळले नाही. पाचव्या दिवशी आमच्या वाडीतला एक मुलगा मोटारसायकलवरून, पडलेली झाडे ओलांडत, जिथे फोन लागतो तिथवर गेला आणि त्याने एकामागून एक अकरा घरांचे फोन केले. त्याच्याकडे वडिलांनी दिलेला कागद होता. त्यावर अकरा घरांचे क्रमांक होते आणि प्रत्येकापुढे एका ओळीचा निरोप. माझ्या नावापुढे लिहिले होते, 'कौले गेली, मी ठीक. येऊ नये.' ते अकरा क्रमांक वडिलांना तोंडपाठ होते, कारण त्यांनी ते कधी फोनमध्ये साठवलेच नव्हते. तेव्हा आमच्या वाडीत बहुतेकांचे फोन विझलेले, आणि घरच्यांचे क्रमांक त्या विझलेल्या फोनांत.

हे त्यांनी मला पुन्हा सांगितले नाही. मीच आठवले. मग चौथ्या दिवशी मी त्यांना विचारले, की ते अकरा क्रमांक तुम्ही पाठ कसे केलेत. म्हणाले, "लिहून. तीनदा लिहिले की बसते." मग आम्ही एक दोनशेपानी वही घेतली. मी तोंडाने सांगायचे, त्यांनी लिहायचे, आणि मी फोनला हात लावायचा नाही. एका पानावर एकच काम. पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात मोठे लिहिले आहे, 'आकडे कोणासही सांगू नयेत. मुलासही नाही.'

आता मी आकडे मागितले तर ते देत नाहीत. गेल्या महिन्यात खरोखर गरज होती, तरीही दिले नाहीत.

माजघर

'मुलासही नाही.' वा! निसर्ग वादळात आमच्या ओळखीतल्या दापोली-श्रीवर्धनकडच्या कितीतरी बागा झोपल्या. त्या दिवसांत माळ्यावरचे कंदील उतरवले, तर वाती होत्या आणि घासलेट नव्हते. जुनी वस्तू जपून ठेवली तरी तिच्यामागची व्यवस्था नसेल तर ती शोभेचीच राहते, हे तेव्हा कळले.

नव्याण्णवची

वही वाचून मला माझी चूक लिहावीशी वाटते. वर मी मोठ्या आवेशात आजीने आदोळीवरून उठवल्याचे लिहिले. तीच आजी आता शहाऐंशी वर्षांची आहे. दिवाळीत तिला व्हिडिओ कॉल लावायला शिकवायला बसले आणि पाचव्या मिनिटाला माझ्या तोंडून निघाले, "राहू दे आजी, तुला जमायचे नाही." तिने चमकून माझ्याकडे पाहिले आणि हसली. मला वाटते तिलाही आदोळी आठवली असावी.

मग एक अडचण लक्षात आली, ती इथे नोंदवते, कोणाला उपयोगी पडेल. आजी बोट दाबून धरते. आयुष्यभर तिने ज्या ज्या वस्तूला हात लावला, ती जोर दिल्याशिवाय चाललीच नाही. पाटा-वरवंटा, रहाटाचा दांडा, जुन्या रेडिओचे बटण, सगळेच तसे. फोनवर बोट दाबून धरले की वेगळेच काही उघडते आणि ती घाबरते. शिवाय हातांना घट्टे असल्यामुळे पडद्याला तिचे बोट कधी कधी कळतच नाही. हे जमत नसल्याचे आम्ही तिच्या वयावर आणि बुद्धीवर ढकलत होतो. मी तिला म्हटले, "आजी, पापड लाटल्यावर तो वाळला का ते बघायला जसे बोट लावतेस, तसे लाव." लगेच जमले. मावशीला फोन लागला, आणि आजी तिला पहिले वाक्य बोलली ते, "मीच लावला."

आदोळीवर मात्र तिने मला अजून बसू दिलेले नाही.

टपालहंशील

पापडाचे उदाहरण आमच्या खात्याच्या प्रशिक्षणात असते तर संगणक आला तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली नसती.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद वाचून वहीत उतरवून घेतले. होय, वहीतच.

नव्याण्णवची यांच्या पहिल्या प्रतिसादाने मला जरा टोचले, ते योग्यच झाले. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, आणि मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन त्याचे गणित आपण सोडवू नये, हा नियम मी तिथे पाळला. घरी पाळला नाही. माझ्या मुलीला मी भरतीची वेळ शिकवली नाही. तिने विचारले नव्हते हे खरे, पण मी तरी आजोबांना कुठे विचारले होते?

काल पुतण्याला सांगितले, की या महिन्याचे बिल मीच भरणार, तू खुर्ची घेऊन शेजारी बस आणि हात पाठीमागे बांध. तेवीस मिनिटे लागली. मध्ये दोनदा त्याचा हात पुढे आला आणि दोनदा मी तो बाजूला केला. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच मागे घेतला, पण तोवर त्याच्या कपाळावर घाम आला होता. बिल भरले गेले. पावतीचे चित्र कुठे जाऊन बसले ते मात्र दोघांनाही अजून सापडलेले नाही.

बदल्यात त्याला पाऊणपट शिकवायला घेतली आहे. मुलगी शनिवारी येते आहे, तिलाही बसवणार आहे. पुतण्याच्या फोनवर भरतीच्या वेळा आयत्या मिळतात, त्यामुळे त्याला यात काय शिकायचे ते कळत नाही, आणि त्याचे म्हणणे मला खोडता आलेले नाही. म्हणून एक पैज लावली आहे. उद्या षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार, दर्या हर्णै यांच्या हिशेबाने पावणेपाच वाजून तीन मिनिटे, आणि त्यातून आमच्या खाडीचा आजोबांचा अर्धा तास वजा. फोन काय सांगतो ते मी बघितलेले नाही. उद्या दुपारी साडेतीनपासून आम्ही दोघे जेटीच्या शेवटच्या पायरीवर बसणार आहोत, तो फोन घेऊन आणि मी पंचांग घेऊन. पाणी कुठवर आले ते परवा इथे लिहितो.